रानकुत्रा चावला तर सरकार, गल्लीतला चावला तर नशीब

नागपूरला वाघांची राजधानी म्हणायची पद्धत पडली आहे. शहराच्या चहूबाजूंना पेंच, बोर, उमरेड-कऱ्हांडला, थोडे पुढे ताडोबा. या जंगलांच्या काठावरच्या गावांत वन्यप्राण्याने माणसावर हल्ला केला तर पुढे काय होते, हे तिथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असते. वनरक्षक येतो, पंचनामा होतो, डॉक्टरचा दाखला जोडून प्रस्ताव वर जातो आणि शासन निर्णयात ठरलेली रक्कम मिळते. कधी उशिरा, कधी हेलपाटे घालून, पण मिळते. २०२३ पासून मृत्यूसाठी २५ लाख, कायमच्या अपंगत्वासाठी साडेसात लाख, गंभीर जखमेसाठी ५ लाख असे हे दर आहेत. ज्या प्राण्यांसाठी ते लागू आहेत त्यांच्या यादीत वाघ, बिबट्या, अस्वल यांच्याबरोबर लांडगा, तरस, कोल्हा आणि रानकुत्राही आहे. म्हणजे पारशिवनी तालुक्यात धुऱ्यावर उभ्या शेतकऱ्याला रानकुत्र्याने फाडले तर त्याचा हिशेब सरकारदरबारी मांडून ठेवलेला आहे. त्याच तालुक्यातून नागपुरात मजुरीला आलेल्या माणसाला पहाटे इतवारीत भटक्या कुत्र्यांनी फाडले, तर त्याच्या वाट्याला येते मेयो रुग्णालयातले मोफत इंजेक्शन आणि बुडालेली मजुरी. दोन्ही प्राणी श्वानकुळातले, दोन्ही जखमा सारख्याच खोल, आणि दोन्ही जखमी एकाच राज्याचे नागरिक. फरक आहे तो सरकारने एका धोक्याची जबाबदारी उचलली आणि दुसऱ्याची झटकली, एवढाच.

वन्यप्राण्यांच्या बाबतीत सरकार पैसे का देते, याचे उत्तर नीट पाहिले तर पुढचा सगळा वाद सोपा होतो. वाघ सरकारने पाळलेला नाही. त्याने केलेल्या हल्ल्यात वनखात्याचा निष्काळजीपणा असतोच असेही नाही. तरी सरकार पैसे देते, कारण १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने वाघाला मारण्याचा गावकऱ्याचा मार्ग बंद केला आहे. सगळ्या समाजाच्या हितासाठी एखादा धोका जपायचा असे ठरले, तर त्या धोक्याची किंमत ज्याच्या अंगावर तो आला त्याच्या एकट्याच्या गळ्यात मारता येत नाही. ती सगळ्यांच्या तिजोरीतून गेली पाहिजे. हे तत्त्व राज्याने जंगलाच्या हद्दीत मान्य केले आहे. शहराच्या हद्दीत तेच तत्त्व का लागू होत नाही, एवढाच माझा प्रश्न आहे. कारण भटक्या कुत्र्यांची कायदेशीर स्थिती आज नेमकी तीच आहे.

ती तशी कशी झाली, याचा इतिहास थोडक्यात सांगण्यासारखा आहे. पूर्वीच्या महापालिका कायद्यांनी उपद्रवी भटकी कुत्री मारण्याचा अधिकार आयुक्तांना दिला होता. २००१ मध्ये केंद्राने १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली प्राणी जन्म नियंत्रण नियम आणले: कुत्रे पकडा, नसबंदी करा, लस टोचा आणि जिथून उचलले तिथेच सोडा. कायदा मोठा की नियम, या वादावर मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने डिसेंबर २००८ मध्ये आयुक्तांचा अधिकार कायम असल्याचे म्हटले. पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. स्थगिती राहिली तब्बल पंधरा वर्षे. मधल्या काळात २०२३चे नवे नियम आले आणि मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, आता नवे नियम आहेत तेव्हा नवे वाद उच्च न्यायालयांत न्या, असे सांगून ते प्रकरण निकाली काढले. निष्पन्न असे की धडधाकट भटका कुत्रा मारणे आज बेकायदा आहे, त्याला दुसऱ्या मोहल्ल्यात नेऊन सोडणेही बेकायदा आहे, आणि नसबंदी व लसीकरणाचे काम मात्र स्थानिक संस्थेचे आहे. नागरिकाचे हात बांधले, हे मी चूक म्हणत नाही. कुत्री सरसकट मारल्याने प्रश्न सुटत नाही. रिकाम्या जागेत नवी कुत्री येतात आणि लसीकरण झालेली टोळी गेल्याने रेबीजचा धोका उलट वाढतो. पण हात बांधणाऱ्याने राखण करायची असते, आणि राखण जमली नाही तर भरून द्यायचे असते.

प्रश्न केवढा मोठा आहे ते सरकारी आकड्यांतूनच दिसते. केंद्राने लोकसभेत दिलेल्या माहितीनुसार २०२४ मध्ये देशात कुत्रा चावल्याच्या ३७ लाख १७ हजार घटनांची नोंद झाली, आणि त्यांत सर्वांत वर होता महाराष्ट्र: ४ लाख ८५ हजार. २०१९च्या पशुगणनेत देशभरात दीड कोटीहून अधिक आणि एकट्या महाराष्ट्रात पावणेतेरा लाखांच्या आसपास भटकी कुत्री मोजली गेली होती. नागपूर जिल्ह्यापुरते बोलायचे तर २०२३ मध्ये काटोलात पाच वर्षांच्या आणि २०२४ मध्ये मौद्यात तीन वर्षांच्या मुलाचा भटक्या कुत्र्यांनी जीव घेतला. ही दोन्ही गावे छोटी, एक नगर परिषदेचे आणि दुसरे नगर पंचायतीचे, म्हणजे नसबंदीची व्यवस्था जिथे सर्वांत दुबळी असते अशी. तीन वर्षांच्या मुलाची उंची कुत्र्याच्या तोंडाच्या पातळीवर असते. चावा पायाला नव्हे तर मानेला, चेहऱ्याला बसतो. अशा घरांसाठी राज्यात कोणतीही ठरलेली योजना नाही. मिळालीच तर कुणा पुढाऱ्याची मदत, नाहीतर न्यायालयाची कृपा.

मृत्यूंच्या आकड्याबद्दल एक गोष्ट मुद्दाम सांगितली पाहिजे, कारण तिचा भरपाईशी थेट संबंध आहे. त्याच सरकारी उत्तरात २०२४ मध्ये रेबीजच्या संशयित मृत्यूंचा आकडा फक्त ५४ आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीवर आधारलेला आणि एका आंतरराष्ट्रीय वैद्यकीय नियतकालिकात आलेला अंदाज वर्षाला सुमारे ५,७०० मृत्यूंचा आहे, आणि जागतिक आरोग्य संघटना तर वर्षानुवर्षे अठरा ते वीस हजार म्हणत आली आहे. ५४ आणि ५,७०० यांच्यामधली माणसे गेली कुठे? त्यांतली पुष्कळशी ‘मेंदूज्वर’ या शब्दाखाली गेली असणार. रेबीजचे खात्रीशीर निदान मेंदूच्या ऊतींवरून होते आणि आपल्याकडे त्यासाठी शवविच्छेदन क्वचितच केले जाते. काही घरचे लोक पाण्याला घाबरणारा रुग्ण शेवटच्या अवस्थेत घरी घेऊन जातात आणि मृत्यूच्या दाखल्यावर काहीतरी गोलमोल लिहिले जाते. उद्या भरपाईची योजना आली आणि तिने प्रयोगशाळेचा अहवाल मागितला, तर ही सगळी कुटुंबे पहिल्याच खिडकीवरून परत जातील. म्हणून योजनेत चाव्याची नोंद आणि डॉक्टरांनी लक्षणांवरून केलेले निदान एवढे पुरेसे मानले पाहिजे.

आता आज हाती काय आहे ते पाहू. कुत्रा पाळलेला असेल तर कायदा तुलनेने स्पष्ट आहे. भारतीय न्याय संहितेचे कलम २९१ (जुन्या दंड संहितेचे २८९) सांगते की आपल्या ताब्यातल्या प्राण्यापासून माणसाच्या जिवाला किंवा गंभीर दुखापतीचा धोका होऊ नये इतकी काळजी न घेणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. जुन्या कलमात दंड एक हजार होता. मुंबईत गिरगावच्या दंडाधिकाऱ्यांनी २०२३ मध्ये एका व्यावसायिकाला त्याच्या रॉटवायलरने घेतलेल्या चाव्यांसाठी तीन महिन्यांची कैद सुनावली, आणि २०२५ मध्ये वरळीतल्या एका इमारतीच्या लिफ्टमध्ये पाळीव हस्कीने चावा घेतल्याबद्दल मालकाला चार महिन्यांची. ऐकायला बरे वाटते. पण गिरगावच्या प्रकरणातली घटना २०१०ची होती आणि वरळीची २०१८ची. आणि कैद मालकाला झाली म्हणून जखमीच्या खिशात काही पडत नाही. शिक्षेबरोबर भरपाईचा आदेश देण्याचा अधिकार फौजदारी न्यायालयाला आहे. तो मागावा लागतो, आणि कुत्र्याच्या प्रकरणात तो मागितला जाणे दुर्मीळच. वेगळा दिवाणी दावा लावता येतो, उपचारखर्च, बुडालेले उत्पन्न, विद्रूपता, मनस्ताप या सगळ्यांसाठी. मालक समोर असतो, तेव्हा दावा निदान कुणावर लावायचा हे तरी कळते.

भटक्या कुत्र्याच्या बाबतीत पहिला अडथळाच तो. कलम २९१ ‘ताब्यातल्या’ प्राण्याबद्दल बोलते. रस्त्यावरचा कुत्रा कुणाच्याच ताब्यात नाही. उरते महापालिका. तिच्यावर दावा लावायचा तर आधी महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाचे कलम ४८७ वाटेत उभे: एक महिन्याची लेखी नोटीस द्या आणि कारण घडल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा लावा. सहा महिने ऐकायला पुष्कळ वाटतात. ज्याच्या पोटरीचा लचका गेला आहे, जो महिनाभर लशीसाठी मेडिकल रुग्णालयाच्या रांगेत आहे, त्यानंतर मुळात आपल्याला काही हक्क आहे हे ज्याला कुणीतरी सांगायचे आहे, त्याच्या लेखी ते झटकन निघून जातात. मुदतीत पोचलाच, तर सिद्ध काय करायचे? महापालिकेचे कर्तव्य होते, ते तिने मोडले आणि मोडले म्हणूनच हा चावा झाला. चावणाऱ्या कुत्र्याच्या कानाला नसबंदीची खूण होती का, हे पळणाऱ्या माणसाने पाहून ठेवलेले असावे अशी ही अपेक्षा.

न्यायालये या बाबतीत दोन्ही दिशांना गेली आहेत, आणि इथे महापालिकांच्या वकिलांचा मुद्दा हलक्याने घेण्यासारखा नाही. दिल्लीच्या चांदणी चौकातला घड्याळाचा मनोरा कोसळला तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १९६६ मध्ये महापालिकेला जबाबदार धरले; मनोरा तिचा, देखभाल तिची, वेगळा पुरावा कशाला, असा त्या निकालाचा सूर होता. उलट १९९७ मध्ये राजकोटच्या प्रकरणात रस्त्याकाठचे झाड अंगावर पडून मेलेल्या माणसाच्या कुटुंबाला त्याच न्यायालयाने महापालिकेकडून भरपाई नाकारली. झाडे लावण्याचे वैधानिक काम आणि प्रत्येक वाटसरूप्रती काळजीचे कर्तव्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असे म्हणत. कुत्रा मनोऱ्यासारखा की झाडासारखा? महापालिका म्हणणार झाडासारखा, त्याहूनही पलीकडचा, कारण तो फिरतो. मला हा युक्तिवाद टिकेलसा वाटत नाही. झाड पडेल हे आधी कळायला मार्ग नव्हता, असे राजकोटला म्हणता आले. नसबंदी न झालेली टोळी चावेल हे कळायला ज्योतिषी लागत नाही. त्यासाठीच तर नियम केले, निधी ठेवला, झोनकडे तक्रारी घेतल्या. तरी एक खरे: दिवाणी न्यायालयात हा मुद्दा प्रत्येक जखमीने नव्याने लढायचा असेल, तर तो फक्त ज्याला वकील आणि दहा वर्षे परवडतात त्याचाच हक्क आहे. राज्यघटनेच्या कलम २२६ खाली उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात थेट जाता येते, आणि जगण्याच्या हक्काचा भंग झाला तर राज्याने पैसे द्यावेत हे १९८३ च्या रुदल शहा प्रकरणापासून मान्य आहे. पण तिथेही वस्तुस्थितीचा वाद निघाला की दिवाणी न्यायालयाची वाट दाखवली जाते.

इतर राज्यांनी यातून काढलेल्या वाटा पाहिल्या तर आपले रिकामेपण जास्त जाणवते. केरळसाठी सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती सिरी जगन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जखमीने अर्ज करायचा, समितीने रक्कम सुचवायची. पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये १९३ याचिका एकत्र निकाली काढताना आणखी पुढे जाऊन दरच ठरवून दिला: दाताच्या प्रत्येक खुणेमागे किमान दहा हजार रुपये, आणि मांस निघाले असेल तर जखमेच्या प्रत्येक ०.२ सेंटिमीटरमागे किमान वीस हजार. जिल्हास्तरावर समिती, चार महिन्यांत निर्णय, पैसे आधी राज्याने द्यायचे आणि मग कसूर करणाऱ्या यंत्रणेकडून किंवा मालकाकडून वसूल करायचे. कर्नाटक सरकारने २०२५च्या अखेरीस मृत्यूसाठी पाच लाख आणि चाव्याच्या जखमेसाठी पाच हजार जाहीर केले, त्यांतले साडेतीन हजार जखमीच्या हातात आणि उरलेले उपचारासाठी सरकारी आरोग्य ट्रस्टकडे.

यांतल्या पंजाब-हरियाणाच्या निकालाचे कौतुक खूप झाले, आणि ‘आधी राज्य देईल, मग वसूल करील’ हा त्यातला भाग खरोखर मोलाचा आहे. दात मोजण्याची पद्धत मात्र मला पटत नाही. कुत्रा चावल्यानंतर दवाखान्यात काय चालते ते पाहा. जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुतली जाते. मग वर्ग ठरतो: शाबूत कातडीला नुसते चाटले तर पहिला, रक्त न येता ओरखडा तर दुसरा, कातडी फुटून रक्त आले किंवा उघड्या जखमेला लाळ लागली तर तिसरा. तिसऱ्या वर्गात लशीबरोबर रेबीजचे तयार प्रतिद्रव्य, म्हणजे इम्युनोग्लोब्युलिन, जखमेच्या आत आणि भोवती टोचावे लागते. बोटाच्या किंवा ओठाच्या जखमेत ती सुई कशी लागते, हे ज्याला लागली त्यालाच कळते. त्यानंतर शून्य, तीन, सात, अठ्ठावीस या दिवसांच्या खेपा. रोजंदारीवरच्या बाईला या चार खेपा म्हणजे चार दिवसांची मजुरी, शिवाय लहान मूल असेल तर सोबत यायला आणखी एक माणूस. दातांच्या खुणा मोजणारा दर यांतले काहीच मोजत नाही. पिसाळलेल्या कुत्र्याच्या एका नखाचा रक्ताळलेला ओरखडा चार दातांपेक्षा जिवावर बेतणारा असू शकतो आणि दरपत्रकात त्याची किंमत शून्य. कुत्रा मागे लागल्याने दुचाकीवरून पडून मांडी मोडलेल्याच्या अंगावर तर दाताची एकही खूण नसते. दर जखमेच्या वर्गाला, बुडालेल्या दिवसांना आणि मागे उरलेल्या अपंगत्वाला बांधला पाहिजे. दवाखाना हा वर्ग केसपेपरवर तसाही लिहितो. वेगळी मोजपट्टी लागत नाही.

मग पैसे कुणी द्यायचे? या प्रश्नावर नागपूरचे नाव देशभर गेले ते २० ऑक्टोबर २०२२ च्या आदेशामुळे. उच्च न्यायालयाच्या न्या. सुनील शुक्रे आणि न्या. अनिल पानसरे यांच्या खंडपीठाने म्हटले की ज्यांना भटक्या कुत्र्यांना खायला घालायचे आहे त्यांनी ती दत्तक घ्यावीत, महापालिकेत नोंद करावी आणि घरी नेऊन घालावे. रस्त्यावर घालणाऱ्याला दोनशे रुपयांपर्यंत दंड. शहरात दोन तट पडले. महिनाभराच्या आत सर्वोच्च न्यायालयाने दत्तकाची सक्ती रोखली आणि महापालिकेला खाऊ घालण्याच्या जागा आखून द्यायला सांगितले. ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्लीतल्या भटक्या कुत्र्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ठरावीक जागांचेच तत्त्व पुन्हा सांगितले, नोव्हेंबरमध्ये शाळा, रुग्णालये, क्रीडासंकुले, बसस्थानके आणि रेल्वेस्थानके यांच्या आवारातून कुत्री हटवून ती परत तिथे न सोडण्याचा आदेश दिला, आणि जानेवारी २०२६ च्या सुनावणीत न्या. विक्रम नाथ यांच्या पीठाने मुले आणि वृद्ध यांना झालेल्या चाव्यांसाठी राज्यांकडून जबर भरपाई वसूल करण्याचे आणि खाऊ घालणाऱ्यांनाही जबाबदार धरण्याचे तोंडी संकेत दिले.

खाऊ घालणाऱ्यांना जबाबदार धरण्याच्या कल्पनेत लोकांचा राग शमवण्याची ताकद आहे, पण जखमीच्या दृष्टीने ती फसवी वाट आहे. चावणारा कुत्रा कुणाच्या पोळीवर जगला हे कोण सिद्ध करणार? धंतोलीतल्या एका आजीने घातलेल्या दूधपोळीपेक्षा मांसविक्रीचा टाकाऊ माल, मंगल कार्यालयांमागचे उष्टे आणि न उचललेला कचरा यांच्यावर कितीतरी अधिक कुत्री जगतात, आणि तो कचरा उचलणे पुन्हा महापालिकेचेच काम. जो माणूस कुत्र्याला रोज घरात घेतो, पट्टा बांधतो, आपला म्हणून सांगतो, त्याला मालक माना आणि कलम २९१ लावा. त्याला हरकत नाही. आखून दिलेल्या जागा सोडून शाळेच्या फाटकासमोर घालणाऱ्याला दंड करा. पण भरपाईचा पहिला देणेकरी तो नव्हे. नाहीतर होणार एवढेच की महापालिका बोट दाखवील आजीकडे, आजी दाखवील महापालिकेकडे, आणि जखमी मध्ये उभा.

पैशाचा आक्षेप खरा आहे आणि तो आकड्यांनीच तपासावा. महाराष्ट्रातल्या २०२४ च्या सगळ्या चाव्यांना कर्नाटकच्या पाच हजारांचा दर लावला तर वर्षाला सुमारे २४३ कोटी होतात, प्रत्येकी एका दाताच्या खुणेचे दहा हजार धरले तर ४८५ कोटी. या नोंदींत पाळीव कुत्र्यांचे चावे आहेत, पहिल्या-दुसऱ्या वर्गाचेही आहेत. ते वगळून तिसरा वर्ग, अपंगत्व आणि मृत्यू एवढेच ठेवले तर बोजा बराच उतरतो. तरीही तो राहतोच, आणि राहायलाच हवा. आज नसबंदीचे काम रखडले तर महापालिकेचा एक रुपयाही जात नाही. जातो तो जखमीचा. प्रत्येक चाव्याचे बिल झोनच्या नावावर पडू लागले, तर कोणत्या झोनमध्ये नसबंदीचे केंद्र आधी चालू करायचे हे सांगायला सल्लागार नेमावा लागणार नाही. प्राणिमित्रांनाही हेच सांगावेसे वाटते. भरपाईची मागणी कुत्र्यांच्या विरोधात जाते, असा त्यांचा समज आहे; भरपाई न मिळालेला मोहल्ला मात्र विषाची पुडी शोधतो, हे त्यांनीही पाहिलेले असते. खोट्या दाव्यांची भीती घालणाऱ्यांना एवढेच विचारावे की केसपेपर, लशीच्या चार तारखा आणि जखमेचा वर्ग इतका पुरावा शेतपिकाच्या किती पंचनाम्यांत असतो?

आणि हे सगळे नव्याने शोधावे लागेल असेही नाही. अनोळखी वाहनाने उडवून पळ काढला तर मृत्यूसाठी दोन लाख आणि गंभीर जखमेसाठी पन्नास हजार देणारी केंद्राची योजना २०२२ पासून चालू आहे. तिथे कुणी ‘वाहन कुणाचे ते आधी सिद्ध कर’ म्हणत नाही, कारण मालक सापडत नाही म्हणूनच ती योजना आहे. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये खड्डे आणि उघडी मॅनहोल यांच्या बळींसाठी मृत्यूला सहा लाख आणि जखमेला पन्नास हजार ते अडीच लाख असे दर ठरवले, महापालिका आयुक्त आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव यांच्या समितीकडे दावे सोपवले, पैसे द्यायला आठवड्यांची मुदत घातली. त्याच समितीपुढे कुत्र्याच्या चाव्यांचे दावे आणायला नवी इमारत लागत नाही, नवा कर्मचारी लागत नाही, शासनाचा एक निर्णय लागतो. नगर परिषदा आणि नगर पंचायतींच्या हद्दीत, जिथे तिजोरी रिकामी असते, तिथे पहिला देणेकरी राज्य असावे. काटोल आणि मौद्याचा धडा तोच आहे. हिवाळी अधिवेशन नागपुरात भरते. विदर्भातल्या आमदारांनी वनखात्याच्या दरपत्रकाची एक प्रत सभागृहात ठेवून, रानकुत्र्याच्या ओळीखाली भटक्या कुत्र्याची ओळ का नाही, एवढा प्रश्न विचारला तरी सरकारला लेखी उत्तर द्यावे लागेल.

तोवर ज्याला उद्या कुत्रा चावेल त्याने काय करायचे? जखम पंधरा मिनिटे धुवून थेट मेडिकल, मेयो किंवा जवळचे सरकारी रुग्णालय गाठावे आणि केसपेपरवर तारीख, ठिकाण, कुत्रा भटका की पाळीव आणि जखमेचा वर्ग लिहून घ्यावा. जखमेचे फोटो पहिल्याच दिवशी काढावेत. झोन कार्यालयात लेखी तक्रार देऊन पोच घ्यावी. त्याच गल्लीतल्या आधीच्या तक्रारींच्या पोचपावत्या शेजाऱ्यांकडे असतील तर त्याही गोळा कराव्यात, कारण महापालिकेला धोका ठाऊक होता हे दाखवणारा त्याहून चांगला पुरावा नाही. शाळा, रुग्णालय किंवा बसस्थानकाच्या आवारात चावा झाला असेल तर सर्वोच्च न्यायालयाच्या नोव्हेंबर २०२५ च्या आदेशाचा उल्लेख तक्रारीत जरूर करावा. कुत्रा पाळीव असेल तर पोलिसांत कलम २९१ खाली फिर्याद. बायका, मुले, अनुसूचित जाती-जमातींचे लोक आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्न न पाहता विधी सेवा प्राधिकरणाचा वकील मोफत मिळतो. त्यासाठी जिल्हा न्यायालयात अर्ज करावा. आणि महापालिकेला नोटीस पाठवायची ती शेवटची सुई झाल्यावर लगेच, कारण सहा महिन्यांची मुदत चाव्याच्या दिवसापासून धरली जाते आणि नोटिशीचा एक महिना त्यातच बसवलेला बरा.